तीन नंबर चेंबरची फुगलेली जमीन

पद्माकर खांबेट्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही, असं त्यांची बायको सुलेखा चारचौघांत म्हणते. त्यावर पद्माकरराव म्हणतात, "सावलीवर विश्वास ठेवण्यासारखं आहे काय? भर दुपारी गायब होते." आता बोला! सिंगापूरसारख्या शहरात, जिथे माणसं हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून खुशाल रांगेत उभी राहतात, तिथे हा गृहस्थ एकोणीस वर्षं बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून जेवतोय. सेरंगूनच्या फ्लॅटचं दार लावलं की कुलूप तीनदा ओढून बघायचं, लिफ्टपर्यंत जायचं आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचं. दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचायची आणि वर नाक लावून वासही घ्यायचा. मुलगी अवनी कपाळावर हात मारून तिथल्या इंग्रजीत ओरडते. "बाबा, इट्स सील्ड लाह!" बाबांचं म्हणणं, सील कोणी केलंय ते आपण पाहिलंय का?

पण एक सांगतो, या स्वभावानेच त्यांचं भलं केलं. इमारतींची देखभाल हा धंदाच असा आहे की विश्वास ठेवणारा बुडतो. सोळा वर्षं त्यांनी कॉन्डोंच्या, म्हणजे बड्या निवासी संकुलांच्या, लिफ्ट, पंप आणि एसी सांभाळले. पंपाच्या आवाजात जराशी खरखर आली की यांच्या मनात पाल चुकचुकलीच, आणि दहापैकी सात वेळा पंप खरोखर जायला आलेला असे. उरलेल्या तीन वेळांबद्दल ते बोलत नाहीत. याच नावावर तीन वर्षांपूर्वी त्यांना वुडलँड्सच्या एका शीतगृहात मेंटेनन्स मॅनेजरची जागा मिळाली.

चार चेंबर, एकेक चांगलं बॅडमिंटन हॉलएवढं. बाहेर बत्तीस डिग्री, सदऱ्याला घामाची चिकचिक. जाड दार सरकलं की आत उणे पंचवीस. मासे, आइस्क्रीम, वाटाणे, परोठ्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. बाराही महिने, चोवीस तास हिवाळा. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला एकच धास्ती असते, आकडा वर चढण्याची. उणे पंचवीसचं उणे वीस झालं की धावाधाव. आकडा खाली गेला तर कोणी ढुंकूनही बघत नाही, उलट बरंच वाटतं. पद्माकरराव हे पहिल्या महिन्यातच शिकले, आणि जरा जास्तच पक्कं शिकले.

या माणसाच्या संशयातून साऱ्या वुडलँड्समध्ये एकच जण सुटला होता. श्रीनिवास. सोलापूरचा, सेहेचाळीस वर्षांचा, रेफ्रिजरेशन टेक्निशियन, एस पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला. बायको आणि दोन मुली सोलापुरात. रोज सकाळी चारही चेंबर फिरून रीडिंग घ्यायची, तक्त्यात भरायची आणि साहेबांची सही घ्यायची, हे त्याचं काम. साहेब बाकी सगळ्यांचे कागद भिंगातून बघितल्यासारखे वाचत. श्रीनिवासचा कागद आला की, "तुझं काय बघायचं, आण इकडे," म्हणून पीके अशी दोन अक्षरं ओढून मोकळे. कामाची भाषा इंग्रजी. पण साडेतीनला, ट्रक लागतात त्या लोडिंग बेच्या कोपऱ्यात दोघं चहा घेत तेव्हा मराठी चाले. त्या चहावर काय वाटेल ते बोललं जाई. त्यातलं अक्षरही सहसा कागदावर येत नसे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. परमुलखात आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला मिळाले की माणूस सैल होतो, दुसरं काय.

यंदा मार्चमध्ये तीन नंबरचं दार घासायला लागलं.

आधी किंचित कर्रकन आवाज. मग दार ढकलायला दोन माणसं लागू लागली. पद्माकररावांनी लगेच निदान केलं, की कुणीतरी फोर्कलिफ्ट दारावर घातलीय आणि आता तोंड लपवतोय. चारही ड्रायव्हरांना बोलावून त्यांनी अशी उलटतपासणी घेतली की एकाने कंटाळून राजीनाम्याची भाषा केली. दार काढून घासून परत बसवलं. तीन आठवड्यांत पुन्हा कर्रकन! मग आतले रॅक कलायला लागले. एका दुपारी वाटाण्यांचं एक पॅलेट वरच्या खणातून घसरलं आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात हातभर अंतरावर फुटलं. त्याला काही झालं नाही, पण तो बाहेर येऊन जमिनीवरच बसला. त्या दिवशी पद्माकररावांनाही जेवण गेलं नाही.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," ते सुलेखाला म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांना म्हणायचं होतं की कुणीतरी मुद्दाम करतंय.

आणि मग त्यांनी श्रीनिवासला पाहिलं. ड्यूटी संपून अर्धा तास झालेला, आणि हा तीन नंबरमध्ये एकटा, गुडघ्यांवर बसून जमिनीवर दोरा ताणतोय. साहेब दिसताच त्याने दोरा गुंडाळला आणि एक छोटी वही जॅकेटात सारली.

"काय रे, काय चाललंय?"

"काही नाही सर. असंच."

असंच! उणे पंचवीसमध्ये असंच कोण बसतं? पद्माकरराव बाहेर आले ते डोक्यात किडा घेऊनच. एकदा किडा शिरला की या माणसाला सगळंच दिसायला लागतं. श्रीनिवास हल्ली चहाला गप्प असतो. परवा आपण आत गेलो तेव्हा फोन खिशात टाकला. चेंबरचे फोटो काढत होता, कुणाला पाठवत असेल? शेजारच्या शीतगृहवाल्यांना? तीन वर्षांत ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही, त्याच्यावर त्यांनी आठवड्याभरात तीन वर्षांचा सगळा संशय व्याजासकट घेतला. एका दुपारी तर श्रीनिवास पॅनेल रूममध्ये गेलेला बघून या सद्‌गृहस्थांनी त्याची बॅग उघडून पाहिली. आत डबा, छत्री आणि मुलींचा फोटो. लाज वाटायला हवी होती. त्यांना वाटलं, माणूस हुशार आहे, बॅगेत काही ठेवत नाही.

कंपनीने शेवटी बाहेरचे सल्लागार इंजिनिअर बोलावले. त्यांनी दोन रॅक हलवले, जमिनीवर लेझर लावला आणि सांगितलं की चेंबरची जमीन मधोमध जवळजवळ चार इंच वर आलीय. पोळी फुगते तशी. मग नळीसारख्या ड्रिलने काँक्रीट आणि त्याखालचं इन्सुलेशन भेदून खालच्या मातीचा लांबच लांब तुकडा बाहेर काढला. पद्माकरराव वाकून बघायला लागले. राखाडी चिकणमाती, आणि त्यात आडवे, काचेसारखे स्वच्छ बर्फाचे थर. कुठे पापुद्र्याइतके, कुठे बोटभर जाड.

"वुडलँड्समध्ये जमीन गोठली?" पद्माकरराव म्हणाले. "बाहेर लोक भाजून निघतायत!"

सल्लागार शांत माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं. वर वर्षानुवर्षं उणे पंचवीस ठेवलं की इन्सुलेशन कितीही जाड असो, थंडी हळूहळू खाली उतरते. इथली माती बारीक आणि कायम ओली. मातीचा थोडा भाग गोठला की तो आजूबाजूच्या न गोठलेल्या मातीतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतो. पाणी कणाकणाने गारठ्याच्या दिशेने चढतं, तिथे पोचून गोठतं, मग मागून आणखी येतं. थरावर थर. पाणी गोठताना फुगतं तेवढ्याने काही चार इंच होत नाहीत. नवं पाणी येत राहतं म्हणून होतात. काँक्रीटची काय बिशाद त्याच्यापुढे!

"मग सगळ्याच शीतगृहांची जमीन का नाही फुगत?"

"कारण खाली हीटर असतो. इन्सुलेशनच्या खाली वायर घातलेल्या असतात. माती शून्याच्या वर ठेवायची, बस. तुमचा बंद आहे. बर्फाची जाडी बघता साधारण सोळा महिने."

पॅनेल रूमच्या मागच्या भिंतीवर, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी हीटरचा ब्रेकर सापडला. खाली पाडलेला. त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर इंग्रजीत, बंद, चालू करू नये. अक्षर श्रीनिवासचं. गोल, वळणदार, रोज तक्त्यात दिसणारं. पद्माकरराव मनात ओरडले, सापडला! त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी थोडा आनंदही होता. आपला संशय खरा ठरला की माणसाला असं होतं, आणि ते कबूल करायला कोणी तयार नसतं.

शुक्रवारी मिस कोंनी दोघांना बोलावलं. त्या ऑपरेशन्सच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी श्रीनिवासला विचारलं, हीटर तू बंद केलास?

"हो मॅडम. सारखा ट्रिप होत होता. सरांना सांगितलं होतं."

मिस कोंनी पद्माकररावांकडे पाहिलं.

"मला कुणीही सांगितलं नाही," पद्माकरराव म्हणाले. आणि त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. देवाशपथ, त्यांना आठवत नव्हतं.

श्रीनिवासने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानदाराने आपलीच नोट खोटी म्हणून परत केली तर माणूस बघतो, तसं काहीसं. मग तो खाली मान घालून बसला. मिस को म्हणाल्या, मंगळवारी निर्णय. लेखी काही असेल तर दोघांनीही आणा. नसेल तर श्रीनिवासचा पास रद्द करावा लागेल, आणि कागदावर निष्काळजीपणा लिहिला जाईल. म्हणजे एका महिन्यात देश सोडायचा आणि पुन्हा कुठल्याच शीतगृहाने दारात उभं करायचं नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी.

बाहेर आल्यावर श्रीनिवास म्हणाला, "सर, मागच्या वर्षीची लॉगची फाइल जरा द्याल का?"

"कशाला?"

"बघायची होती की."

फाइल पद्माकररावांच्या कपाटात. ते म्हणाले, सोमवारी बघू. आणि मनात म्हणाले, बेट्या, पुरावा गायब करायचाय होय! त्याच संध्याकाळी त्याने पुन्हा मागितली. यांनी कपाटाला दुहेरी कुलूप लावलं, मग कुलपावरही विश्वास बसेना म्हणून फाइल बॅगेत घातली, आणि बसमध्ये सारा वेळ ती बॅग छातीशी धरून घरी आले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी डायनिंग टेबल पुसून घेतलं आणि फाइल उघडली. सुलेखा नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये लॅब सांभाळते. कागदपत्र वाचायची तिलाही सवय. ती समोर बसून शेंगा सोलत होती.

"आता बघ," पद्माकरराव म्हणाले, "त्याने खोटे आकडे भरलेले असणार. जमिनीखाली सगळीकडे पाच, पाच, पाच."

तक्त्यात दहा रकाने. शेवटचा, जमिनीखालचं तापमान. पद्माकररावांनी बोट ठेवलं. मागच्या वर्षी जानेवारीत पाच. मग चार. तीन. दोन. एप्रिलच्या अखेरीला शून्य. पुढे उणे एक. उणे दोन. उणे तीन. उणे पाच. एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक दिवशी, एकही दिवस न चुकवता, श्रीनिवासने इमानेइतबारे लिहिलं होतं की जमीन गोठत चाललीय. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही होती. पीके. पीके. पीके.

शेंगा सोलायच्या थांबल्या. "अहो, या सगळ्या तुमच्या सह्या?"

पद्माकररावांचं बोट त्या रकान्यावरच होतं. आकडा खाली जातोय म्हणजे सगळं उत्तम, हेच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पूर्ण तक्त्यात एकच रकाना असा होता की ज्यात खाली जाणं वाईट, आणि तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. ते पानं मागे उलटत गेले, आकडे घसरायला लागले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. शेऱ्याच्या रकान्यात गोल, वळणदार अक्षरात एक ओळ होती. हीटर वारंवार ट्रिप. पीके सरांना तोंडी सांगितले. त्यांच्या सांगण्यावरून बंद ठेवला. त्याखाली पीके.

मग आठवलं. सगळंच्या सगळं आठवलं, मेलं! ऑडिटचे दिवस, साडेतीनचा चहा, कागदी कपाने भाजलेलं बोट. श्रीनिवास म्हणाला होता, सर, तीन नंबरच्या खालचा हीटर सारखा पडतोय. आणि आपण हसून म्हणालो होतो, "अरे, फ्रीझरखाली शेगडी कुणी ठेवलीय? राहू दे बंद. कॉन्ट्रॅक्टर आला की बघू." कॉन्डोतून आलेला माणूस, हीटर कशासाठी असतो हे ठाऊक नव्हतं, आणि विचारायला लाज वाटली होती. वर विनोद केला म्हणून खूशही झालो होतो. कॉन्ट्रॅक्टरला फोन करायचा राहून गेला.

"आता?" सुलेखाने विचारलं.

"हा कागद माझ्याकडेच आहे," पद्माकरराव हळूच म्हणाले. "दुसरी प्रत नाही."

सुलेखा त्यांच्याकडे बघत राहिली. "मी तुम्हाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुमचं वय अठ्ठावन्न, दुसरी नोकरी मिळणार नाही, अवनीचं कॉलेज अजून सुरू व्हायचंय, हे मला माहीत आहे. पण मला विचाराल तर मी काय म्हणेन, तेही तुम्हाला माहीत आहे. उगाच माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली.

लबाडी करायची इच्छा झाली का? झाली तर! मी काही पद्माकररावांना संत म्हणून तुमच्यापुढे उभं करत नाहीये. सोमवारी ऑफिसात सगळे जेवायला गेले तेव्हा हा माणूस ते एक पान हातात घेऊन कागदाचे बारीक तुकडे करायच्या मशीनसमोर उभा होता. मशीनचा हिरवा दिवा लागलेला. फक्त सोडायचं. ते स्वतःशी हिशेब मांडत होते. श्रीनिवासला सोलापुरात घर तरी आहे. शिवाय ब्रेकर पाडणारा हात त्याचाच. शिवाय त्याने पुन्हा आठवण का नाही केली? आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यातली फट शोधत आलेल्या या माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या बोलण्यातली फट ऐकू आली. दाराशी पावलं वाजली तसं त्यांनी पान घाईघाईने फायलीत कोंबलं. कोण होतं ते बघायला गेले, तर कोणीच नाही.

मंगळवारी त्यांनी ते पान मिस कोंच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. चहा, शेगडी, न केलेला फोन, साडेचारशे सह्या. मिस कोंनी पान दोनदा वाचलं. "तुम्ही शुक्रवारी नाही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. पद्माकरराव म्हणाले, "तेव्हा आठवत नव्हतं. रविवारी आठवलं. सोमवारी यायला हवं होतं, ते आलो नाही." श्रीनिवासने मग आपली छोटी वही पुढे केली. दार घासायला लागल्यापासून दर दोन दिवसांनी दोरा ताणून त्याने जमिनीची उंची मोजली होती, फोटोंसकट. हीटर आणि फुगवटा यांचा संबंध त्याला तेव्हा कळला नव्हता. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं.

निर्णय व्हायला वीस मिनिटं लागली. श्रीनिवासचा पास राहिला. पद्माकररावांना महिनाअखेर जायला सांगितलं गेलं; राजीनामा म्हणून जाता येईल एवढी सवलत मिळाली.

दोघं लोडिंग बेवर आले. साडेतीन झाले होते, पण चहाचं कोणी नाव काढलं नाही. समोर ट्रक रिकामा होत होता आणि दारातून थंड वाफ बाहेर येऊन विरत होती. पद्माकररावांना वाटत होतं, आता हा हात धरेल. निदान आभार तरी मानेल. असं वाटण्याचीही त्यांना लगेच लाज वाटली.

"श्रीनिवास, चुकलो रे मी. तुझी बॅगसुद्धा उघडली होती."

"माहीत आहे की. डब्याचं झाकण उलटं लावलं होतं तुम्ही." तो ट्रककडेच बघत होता. "सर, मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. पान तुमच्याकडे आहे, हेही माहीत होतं. म्हणून फाइल मागत होतो. तुम्ही दिली नाही, तेव्हापासून मी फक्त वाट बघत होतो."

"कशाची?"

"दाखवता का फाडता, त्याची."

पद्माकररावांनी विचारून टाकलं. "मग? तुला काय वाटलं होतं?"

मोठ्या माणसाला तोंडावर असं बोलायची श्रीनिवासला सवय नव्हती. "खरं सांगू? फाडाल असं वाटलं होतं. सोलापूरला फोन करून बायकोला सांगून ठेवलं होतं, येतोय म्हणून."

एरवी कुणी असा संशय घेतला असता तर पद्माकररावांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आज ते म्हणाले, "बरोबर वाटलं होतं तुला. काल जेवणाच्या सुट्टीत मी मशीनसमोर उभा होतो."

श्रीनिवासने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तेही माहीत आहे," तो म्हणाला. "दारात मीच होतो."